बिस्किटाचा कागद

आई, तुला हे सांगणार नव्हते, पण मला रागावणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. माझ्या कुत्र्याला शुगर झाली आहे. हसू नकोस, कुत्र्यांनाही होते. उन्हाळा आहे म्हणून पाणी जास्त पितो, अशी मी मनाची समजूत घालत राहिले. त्याच्या डोळ्यांवर साय धरल्यासारखं दिसायला लागलं तेव्हा कुठं त्याला रिक्षात घालून शिरूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "खातो काय?" मी म्हटलं, "भाकरी." डॉक्टर बरगड्या चाचपत होते, त्या हाताला लागेनात. "ताई, नुसत्या भाकरीनं असा ढोल झाला व्हय? आधीच वजन आवरलं आसतं, रोज हिंडवलं आसतं, तर कदाचित ही येळ आली नसती." मला मान वर करवेना.

तेव्हा डोळ्यांपुढे आलं ते राहू गावातलं आपलं घर. तू चुलीपुढे बसली आहेस, शेवटची लहान भाकरी आपल्या तेव्हाच्या कुत्र्यासाठी थापते आहेस. ती निववून ताकात कुस्करायचीस आणि झेंडूच्या वावरात जाताना त्याला बरोबर न्यायचीस. एकदा मी त्याला चोरून गूळ चारत होते, तर तू माझं मनगटच धरलंस. "लाच देतीयास व्हय गं, तुझ्यामागं यावा म्हणून? त्याच्यासंगं चार पावलं चाल की, आपसूक यील!" मला तुझा भारी राग आला होता. एवढ्याशा गुळाचं ते काय, असं वाटलं होतं.

आता सणसवाडीच्या खोलीत आम्ही दोघंच. मी रांजणगावला कंपनीच्या बसनं जाते, तो दिवसभर कुलपात. परत आल्यावर माझे पाय ठणकतात, मग फिरायला नेण्याऐवजी चहात बुडवलेली बिस्किटं. तो दारात उड्या मारायचा आणि मला बरं वाटायचं, कुणीतरी आपली वाट बघतंय.

हल्ली रोज सुई टोचते. तो हूं की चूं करत नाही, त्याचंच जास्त लागतं. बिस्किटं बंद केली, संध्याकाळी हिंडवतेही. पण परवा दार उघडलं तर तो उठलाच नाही, नुसती मान वळवली. ते मला सोसलं नाही. तू गेल्यावर हे पत्र धाडायचं कुठं, राहील पिठाच्या डब्याखाली. एवढं मात्र सांगते. काल दार उघडून मी पर्समधला बिस्किटाचा रिकामा कागद मुद्दाम वाजवला. तो भिंतीला धडकत, शेपूट हलवत आला आणि माझा रिकामा हात चाटत राहिला.