आधी वाच, मग सही कर

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्तीचा, राहणार गल्लीच्या कोपऱ्यावरचे घर, खाली दुकान, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करते. दडपण आणायला धाकट्या दिरांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, दर रविवारी येतो, पण चहा पिऊन परत जातो. मला मूलबाळ नाही, यजमान बारा वर्षांपूर्वी गेले.

कलम १. घर. नऊ वर्षांपूर्वी याच पुतण्याने आमच्या दोनशे वर्षांच्या गल्लीत दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. "गटारदुरुस्तीचा अर्ज आहे, काका. वाचत काय बसता? फक्त इथे सही." शिंपीणबाईंनी केली, बेकरीवाल्याने पिठाच्या हाताने केली. मी चष्मा लावला. गटार पहिल्याच ओळीत संपले होते. पुढे अख्खी गल्ली पाडून मोठी इमारत बांधायला संमती होती. मी सही केली नाही, आणि ती संमती सगळ्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवली. कोपऱ्यावाचून त्याचे घोडे अडले, ते आजतागायत अडलेलेच आहे.

त्या रागाने गल्ली जागी झाली. बंद पडलेल्या अकरा दुकानांची गंजलेली कुलपे मालकांना विचारून मी उघडली, एकही न तोडता. बाकीच्यांनी भिंती खरवडल्या, जुनी दारे तासून पुन्हा बसवली. आज त्यातली नऊ दुकाने चालतात. हे घर पुतण्याच्या हाती गेले, तर ती नऊही गेली. म्हणून घर गल्लीच्या मंडळाला. विकायचे नाही, पाडायचे नाही, आणि उद्घाटनाची भाषणे तर माझ्या दारात अजिबात करायची नाहीत.

कलम २. कानशी, पकडी आणि किल्ली घट्ट धरून घासायचा शेगडा शिंपीणबाईंच्या मुलीला. तिने एकदा माझे कपाट केसातल्या पिनेने उघडले होते. हात चांगला आहे, सवय मोडावी.

कलम ३. शिडी बेकरीवाल्याला. सात वर्षे ती त्याच्याकडेच आहे. "उद्या आणून देतो, वहिनी!" आता आणू नये.

कलम ४. बँकेतली शिल्लक गटारासाठी. खरोखरच्या गटारासाठी.

कलम ५. पुतण्या. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून मी त्यालाच साक्षीदार म्हणून बोलावले आहे. पण फसवणार नाही. कागद त्याच्या हातात देऊन "आधी वाच, मग सही कर" असे तीनदा सांगणार आहे. इथपर्यंत वाचून तो माझ्याशी भांडला, तर हा कागद त्याच्यासमोर फाडीन आणि नव्या कागदात वरची खोली त्याच्या नावे करीन. याच दुकानाच्या फळीवर बसवून मी त्याला वाचायला शिकवले. त्याने वाचावे असे मला फार वाटते. हा कागद तुमच्यापर्यंत पोचला असेल, तर त्याने वाचला नाही असे समजावे. माझा चष्मा त्याला द्यायचा होता, पण साक्षीदाराला तोही चालत नाही.

ठिकाण: दुकानाची फळी
दिनांक: १४ जून, रविवार, चहाची वेळ
सही: कोपऱ्यावरची कुलूपवाली

साक्षीदार १: डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत आहेत. रक्तदाब माझ्यापेक्षा बरा.

साक्षीदार २: पुतण्या. वरील सर्व मजकूर काळजीपूर्वक वाचून, समजून सही केली.