दाढ म्हणून सांगितलेलं दुखणं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (मला वाकायला मनाई आहे, तेव्हा तो उभ्यानेच घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना कठडा धरतेस ना? भावजी अजून सगळा पेपर मोठ्याने वाचतात का? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो.

बहिणीला लिहिण्याजोगा हा विषय नाही. पण माझ्या लघवीचा इतिहास तुझ्याइतका जगात कोणालाच ठाऊक नाही. सातव्या वर्षापर्यंत मी अंथरूण ओलं करायचो, आणि बाबा उठायच्या आत तू गादी पालटायचीस. वर, तांब्या माझ्याच हातून सांडला असं सांगून बोलणीही खायचीस. तेव्हा तुझ्यापाशी लाज कसली धरू? तर, गेल्या महिन्यात रक्तात काहीतरी वाढलेलं निघालं, म्हणून डॉक्टरांनी सुईने माझ्या प्रोस्टेटचे बारा तुकडे काढून तपासायला पाठवले. कुठल्या वाटेने काढले ते लिहीत नाही, तू वयाने मोठी आहेस. (सुई सुटताना स्टेपलरसारखा खट्ट आवाज होतो. मी बाराही मोजले. चौथ्यानंतर तोंडावर ताबा राहिला नाही.)

घरी मात्र दाढ काढायला जातो म्हणून सांगितलं होतं, आणि तिथेच माती खाल्ली. सूनबाई तेव्हापासून मला सगळं पातळ करून वाढते. मुलगा कामावरून आला की माझा गाल निरखतो आणि सूज नाही म्हणून समाधानाने चहा पितो. पण दाढ काढलेला माणूस पाय फाकून का चालतो आणि दर वीस मिनिटांनी संडासात का पळतो, याचा मेळ दोघांनाही लागत नाही. काल सूनबाईने विचारलं, "बाबा, दाढेची मुळं फार खाली गेली होती का हो?" मी हो म्हणालो. ते अगदीच खोटं नव्हतं.

पहिल्या दिवशी लघवी लाल झाली. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी दिवा लावून पुन्हा पाहिली. पन्नास वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आहेत, छटा ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. पहिल्या दिवशी गेरू, मग विटकरी, चौथ्या दिवशी बाळंतिणीच्या दवाखान्याच्या पाटीला देतो तसा फिकट गुलाबी. रंग उतरतो आहे. आग काही उतरत नाही. तांब्याभर पाणी प्यावं, धावत जावं, आणि पदरात पडतात चार थेंब, तेही डोळ्यांतून पाणी काढून. कोमट पाण्यात बसा म्हणाले, म्हणून कपडे भिजवायच्या टबात बसलो. उठताना नळ धरला तर टबही बरोबर उठला. (दाढेसाठी टबात का बसावं लागतं, हे सूनबाईने अजून विचारलेलं नाही. विचारात आहे.)

दहा दिवसांनी रिपोर्ट आणायला एकटाच गेलो. पाकीट खिशात घालून निघालो आणि अर्ध्या वाटेत कळ आली. ही कळ थांब म्हटल्याने थांबत नाही. लाकडाच्या वखारीमागे एक लांब भिंत आहे, तिथे चिटपाखरू नव्हतं. उभा राहिलो, मान वर केली, तर समोर हातभर उंचीच्या अक्षरांत 'येथे लघवी करू नये'. अक्षर माझंच. तीस वर्षांपूर्वी याच हाताने काढलेलं, 'ल'चं पोट मी देतो तसंच गोल. भिंतीचा खालचा भाग पाहून कळत होतं की आजवर तो हुकूम कोणीही मानलेला नाही. मानला तो मी. इतकी कळ असून एक थेंब येईना. तसाच उभा राहिलो, एक हात भिंतीला, एक खिशातल्या पाकिटावर, आणि ताई, मला रडू आलं. आग होत होती म्हणून नाही. हिची फार आठवण आली. ती असती तर तिने मला असं दाढेच्या नावाखाली एकट्याला हिंडू दिलं नसतं.

असो. माझं रडगाणं पुरे झालं. औषध वेळेवर घेतो, पाणी पितो, काळजी नसावी. भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राबरोबर पाकीट पाहिलंच असशील. तो रिपोर्ट आहे, आणि मी तो उघडलेला नाही. डॉक्टर परगावी गेलेत, ते पंधरवड्याने भेटणार. मुलाला मी सांगणार नाही. त्याच्या आईचा रिपोर्ट त्यानेच दवाखान्याच्या जिन्यात उघडला होता आणि त्याचा चेहरा मी पाहिला आहे. दोन वर्षं झाली, अजून घरात बंद पाकीट आलं की तो ते बायकोकडे देतो, विजेचं बिल असलं तरी. म्हणून हे तू उघड. निकालाच्या दिवशी मी शाळेमागच्या टाकीआड लपायचो आणि निकाल पाहायला तू जायचीस, आठवतं? पास असलो तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी गॅलरीतून हाक मारायचीस. नापास असलो तर हाक नाही. स्वतः टाकीपर्यंत चालत यायचीस, हात धरायचीस आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलायची नाहीस. तसंच कर. चांगलं असेल तर फोन कर. वाईट असेल तर फोन करू नकोस, ये. (आणि भावजींना ते मोठ्याने वाचू देऊ नकोस.)

आणखी एक. चांगलं असलं तरी ये. स्टेशनवर घ्यायला मी येईन, फक्त घरी येताना वाटेत दोनदा थांबावं लागेल. मुलाने अचानक कशी आलीस विचारलं, तर तुझीही दाढ दुखते म्हणून सांग.