रेघ नसलेलं पान

सोम. १२ जाने.
इंग्रजीच्या क्लासची वही परत आली. पुन्हा रक्तबंबाळ. पाटील मॅडम चुकीखाली लाल रेघ मारतात आणि सोडून देतात. बरोबर काय ते म्हणे आपण शोधायचं. दिवसभर वॉर्डात पेशंट बघायचे, वर हे! परीक्षा ३१ ला. गेल्या वेळी लेखनातच नापास झाले. आता नाही जमलं तर परदेशातली नर्सची जागा गेली.
रेघांकडे न बघता निबंध फेअर वहीत उतरवून काढला. सुटले.

गुरु. १५
फेअर वहीत त्याच चुका, त्यांच्याखाली त्याच रेघा. डोकं फिरलं. सगळ्यांदेखत बोलले, "चुका कुणीबी काढंल. बरोबर काय ते लिवा की मॅडम!" मागं कोणीतरी हसलं. मॅडमनी पुढची वही उचलली. बरी जिरवली, असं वाटलं.

सोम. १९
नवा निबंध परत आला. एकही रेघ नाही. खाली नुसती सही. शेजारची सुजाता म्हणाली, "आयला, एकदम क्लीन की गं!"
पण दुसऱ्या ओळीतली चूक तर मलासुद्धा दिसत होती. म्हणजे मॅडमनी मला...

बुध. २१
सुट्टी. कबनूरला घरी गेले. आईचा डबा घेऊन कारखान्यावर. ती मागावरून उतरलेलं कापड तपासते, दोष दिसला की खडूनं खूण करते. तिला सगळं सांगितलं. हात न थांबवता म्हणाली, "खूण केलेलं नीट करतोय की आम्ही. ज्यात राम न्हाय, त्याला खडू कोण लावतंय?"
जेवण गेलं नाही.

गुरु. २२
क्लासच्या आधीच गेले. सोमवारच्या निबंधात सापडल्या तेवढ्या चुकांखाली स्वतःच पेन्सिलनं रेघा मारल्या होत्या. नऊ. "मॅडम, चुकलं माझं. रेघा मारा."
"मारल्या तर बघणार आहेस?"
"व्हय."
"ठेव तिथं." मॅडमनी मान वर केलीच नाही.

शनि. २४
सगळ्यांच्या वह्या आल्या. माझी नाही. विचारायचं धाडस झालं नाही. सात दिवस राहिले.

मंगळ. २७
वही मिळाली. पानाच्या मागून लाल उमटलेलं दिसलं, भरपूर. जिवात जीव आला.
माझ्या नऊ रेघा तशाच ठेवल्यात. त्यांनी वर तेवीस मारल्यात. पेन्सिलच्या दोन रेघांशेजारी लिहिलंय, 'हे बरोबर होतं.'
चार दिवस. ड्यूटीला निघायला अर्धा तास आहे. पहिल्या लाल रेघेपाशी बसलेय. काय चुकलंय, अजून कळत नाही.