हवालदारांची ठिणगी

दि. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
ठिणगीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला रडू येतं आणि माझा ऐकून तुला, म्हणून हे पत्र. तुझ्या कंबरेचं हाड जुळेपर्यंत तू पलंगावरून हलायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद आहे. येता आलं नाही याची खंत करू नकोस. बाबांना काही त्रास झाला नाही. सकाळचा चहा झाला, बुटांना पॉलिश झालं, दारातल्या खुर्चीत बसले, आणि आई पेपर घेऊन बाहेर येते तोवर सगळं संपलं होतं.

माणसं किती आली म्हणून सांगू! खाणीतले डोझरवाले, क्रेनवाले, रस्त्याच्या कामावरचे ऑपरेटर, सगळे आपल्या हवालदारांसाठी काम टाकून आले. पंजे ग्रीसने माखलेले, म्हणून भेटताना जो तो मनगट पुढे करत होता. बाबांच्या पलटणीतले एक म्हातारे सुभेदार लांबून आले. त्यांनी सांगितलं की, बर्फाचा कडा कोसळून रस्ता बंद झाला होता आणि पलीकडे जखमी जवानांच्या गाड्या अडकल्या होत्या. डोझरचा ऑपरेटर थंडीने आडवा झाला, तेव्हा दुरुस्तीला गेलेले बाबाच सीटवर चढले आणि रस्ता मोकळा करूनच उतरले. त्या गाड्यांपैकी एकीत सुभेदार स्वतः होते. आम्हाला मात्र बाबांनी सैन्यातलं काय सांगितलं, तर तिथला चहा कसा पांचट असायचा ते!

आता मनातलं लिहिते. रविवारी खाणवाल्यांनी शोकसभा ठेवली आहे. मोठ्या काकांचा दादा म्हणाला की, घरातर्फे तो बोलेल, कारण अशा वेळी रक्ताचं माणूस उभं राहिलेलं बरं दिसतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं गं, पण मला ते लागलं. मी सहा वर्षांची असताना आईबरोबर या घरात आले. शाळेनंतर दुरुस्तीच्या शेडमध्ये बाबांच्या हाताखाली वाढले, मशीन खोलायला शिकले. तरी मी दादाला 'तूच बोल' म्हणून मोकळी झाले. मी कोणत्या नात्याने उभी राहू, ते तूच सांग.

आईचा तुला नमस्कार. औषधं वेळेवर घे, आणि माझ्यावर आहे तेवढीच माया ठेव.

तुझी,
ठिणगी

दि. १३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. एवढी मोठी झालीस, ट्रकभर लोखंड उलटंपालटं करतेस, आणि असले प्रश्न कसले विचारतेस? मग चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि ठरवलं की तुला आता सांगूनच टाकावं.

माझा भाऊ सैन्यातून परतला तो एक कान गमावून. स्फोटाने डावा कान गेला तो गेलाच. लग्नाचं नाव काढलं की तो कान माझ्याकडे करायचा, लबाड! त्या वेळी तुझी आई खडी-क्रशरच्या ऑफिसात कामाला होती. तुझे पहिले बाबा तिथेच अपघातात गेले होते, आणि तेव्हापासून तू कोणाशी बोलत नव्हतीस. भाऊ तिथला डोझर दुरुस्त करायला जायचा आणि तू लांबून वेल्डिंगच्या ठिणग्या बघत उभी असायचीस. एकदा तू त्याला काहीतरी विचारलंस, नेमकं डाव्या बाजूने. त्याला ऐकू गेलं नाही. तू वळसा घालून उजवीकडे आलीस आणि तेच पुन्हा विचारलंस. एवढं लोखंड उचलायला या डोझरला भूक किती लागते, असं. तुझी आई खिडकीत रडत होती म्हणे.

पुढचं तुझ्या आईलाही ठाऊक नसेल. लग्नाचं त्याने आधी तुला विचारलं, आईला नंतर. तू अट घातलीस की माझ्या बाबांचा फोटो भिंतीवर राहील. याने कबूल केलं, आणि घरात पहिला खिळा ठोकला तो त्या फोटोसाठी. मी म्हटलं होतं, लोक काय म्हणतील? तर मला म्हणाला की, अक्का, लोकांना आधी बायको मिळते नि मग मुलगी, मला आधी मुलगी मिळाली आहे, एवढाच फरक.

आता कळलं कोणत्या नात्याने? दादाला मी फोन करणार नाही. तुझं तूच सांग.

आईला जप. म्हातारीची आठवण ठेव.

तुझी,
आत्या

दि. २० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. फोटोच्या अटीपाशी तिने मला थांबवलं आणि बराच वेळ पदर तोंडाला लावून बसली. तिला वाटायचं की, तो फोटो बाबांनी केवळ तिचं मन राखायला लावला.

सभेच्या आधी मी दादाला सांगितलं की, घरातर्फे मी बोलणार. त्याने स्वतःच माइकची उंची माझ्यापुरती खाली करून दिली. मी तुझ्या पत्रातलंच सांगितलं, भूक लागण्याचा प्रश्नसुद्धा. लोक हसले, डोळेही पुसले. सुभेदार तर उभेच राहिले. शेवटी मी बाबांचे आभार मानले. समोर असते तर त्यांनी ते ऐकून घेतले नसते.

दुसऱ्या दिवशी शेड उघडली. परगावचा एक म्हातारा ग्रेडरवाला आला, त्याचं रस्ता सपाट करायचं मशीन वाटेतच बंद पडलं होतं. हत्यारांची पिशवी उचलून मी गेले. हायड्रॉलिकचा पाइप फुटला होता, तो बदलला. मशीन सुरू झालं तसा तो म्हातारा खाली उतरला आणि म्हणाला की, हवालदारांचा हात चालताना त्याने पाहिलाय, माझा अगदी तसाच चालतो, रक्तातच असतं हे.

आत्या, मी हसून मान हलवली. मग तो निघून गेल्यावर रस्त्याच्या कडेला बसले आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मनसोक्त रडले.

चालायला लागलीस की लगेच ये. तोवर तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझ्या भावाची मुलगी,
ठिणगी