कोकिळेचं टाइमटेबल

१४ सप्टेंबर १९७०. सकाळी साडेआठ (पाचला उठायचं होतं)
आमच्या प्रेमकुंवरभाभीला दिवसातून दोन तास मोकळे का मिळत नाहीत? मी बी.ए. झाले, घरातली पहिलीच, तर्कशास्त्रात सेकंड क्लास. पण खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.
आई जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात पाच माणसं. बाबूजी, भाईजी, दादी, भाभी आणि मी. यातलं कोणीही भाभीला काही काम सांगत नाही. दोन वेळचं जेवण, चहा, धुणं आणि ऐन वेळी जे लागेल ते, एवढंच.
भाभी पहूरची. दहावीपर्यंत शिकली, मग लग्न झालं. तिला बाहेरून अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, बसवायचं मी ठरवलं आहे. बाबूजी म्हणाले, घरच्या कामात खोट यायला नको, १५ नोव्हेंबरपर्यंत बघतो, मग फॉर्मवर सही. फॉर्मची शेवटची तारीख तीच.
भाभी म्हणाली, बाईसा, रोज दोन तास मिळाले तर मी पास होईन.
देणार म्हणजे देणारच.

१६ सप्टेंबर
टाइमटेबल तयार. दुपारी दोन ते चार, भाभीचा अभ्यास, लाल शाईत. स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं.
दिवसभर निरीक्षण केलं. कोणी पाळलं नाही. मूळ सापडलं: आपल्या घरात घड्याळच नाही! बाबूजींचं खिशात, ते दुकानात. दादी उन्हावर चालते, भाईजी भुकेवर.
स्वयंपाकघरात मात्र मी लुडबुड करत नाही. ते भाभीचं क्षेत्र. स्त्रीच्या स्वातंत्र्याचा मी आदर करते.

२० सप्टेंबर
बी.ए. झाल्याबद्दल मिळालेले बक्षिसाचे पैसे घेऊन झुलालभाऊ घड्याळजींकडे गेले. त्यांनी आधी लंबकाचं मोठं घड्याळ दाखवलं. आठवड्याला एकदा चावी, तक्रार नाही. मग गजराचं. म्हणाले, हे घ्या ताई, पाचला उठवतं. मी म्हटलं, उठण्याचा प्रश्न नाही.
मग कोपऱ्यात दिसलं. लाकडाची झोपडी, वर दार. वरणगावच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी जर्मनीहून आणलेलं, बदली झाली म्हणून विकलेलं. तीन वाजले. दार उघडून कोकिळा बाहेर आली, तीनदा बोलली, आत गेली. माझा निर्णय पहिल्याच कुहूला झाला होता.
झुलालभाऊ म्हणाले, ताई, हे मिजासखोर आहे. रोज साखळ्या ओढा, भिंत सरळ पाहिजे, टांगलंय तिथून हलवायचं नाही. लंबकाचं न्या.
मी समजावलं की ज्या बाईचे हात पिठात आहेत ती तबकडीकडे कशी बघणार? तिला वेळ ऐकू यायला हवी.
ते म्हणाले, घरात स्वयंपाकाला किती जणी आहात?
म्हटलं, एक.
मग त्यांनी घड्याळ बांधून दिलं.

२१ सप्टेंबर
दादीचा पहिला प्रश्न, याचा आवाज भात्यातून येतो ना, मग भात्याला चामडं आहे का? जैनाच्या घरात चामड्याचं पाखरू बोलणार नाही. पुन्हा दुकानात गेले. झुलालभाऊंनी घड्याळ उघडून दाखवलं. कागद आणि कापड. दादी नरमली. मग साखळ्यांना लोंबणारी दोन वजनं बघून म्हणाली, छोरी, ही लोखंडाची केळफुलं कशाला?
तिला गुरुत्वाकर्षण सांगितलं. अर्धा तास. तिने डोळे मिटून ऐकलं.

२४ सप्टेंबर
भिंतीने तीन दिवस घेतले. आमच्या भिंती मातीच्या, दोन हात जाड. भाईजींनी खिळा ठोकला की तो शिऱ्यात चमचा जावा तसा जातो, आणि तसाच बाहेर येतो. तीन भोकं पडली. भाईजी म्हणाले, राज, तुझी कोकिळा पिंजऱ्यात ठेवू या. दक्षिणेच्या भिंतीला दादीचा नकार. उरली स्वयंपाकघरासमोरची. तीच मला हवी होती.
शेवटी भाभीने कणीक मळता मळता हात धुतले, कडुनिंबाची खुंटी पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्याने आत घातली, वर माती लिंपली, परत कणकेला लागली. सुकल्यावर घड्याळ टांगलं. पाच मिनिटांत बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद.
भाभी आतूनच म्हणाली, बाईसा, ते लंगडतंय. एक ठोका लांब पडतो, एक आखूड. डाव्या बाजूला काहीतरी कोंबा.
हाताशी टाइमटेबल होतं. त्याची घडी बरोबर बसली.
दुपारी दमून वाचायला पडले. डोळा लागला.

२ ऑक्टोबर
सिस्टिम चालू! पूर्वी बाबूजी जेवायला एकला यायचे, कधी दोनला. आता कोकिळा बाराला बोलायला लागते तेव्हा ते पाटावर असतात आणि बाराव्या कुहूला ताट लागतं का ते मोजतात. भाईजींनी दुकानातून निरोप पाठवला, तीनला चहा. दादीला चारला गरम पाणी. सगळ्यांना शिस्त लागली.
भाभीला अजून सवय व्हायची आहे. आज दिवसभर धावताना दिसली.

११ ऑक्टोबर
लोक कोकिळा बघायला येतात. आज नशिराबादची मंडळी, बैलगाडी करून. पोचली सव्वादोनला, म्हणून अडीचच्या कुहूसाठी थांबली. अडीचला एकदाच बोलते हे बघून तीनसाठी थांबली. त्यातल्या कमलबाई म्हणाल्या, बारा वेळा कधी बोलते? मी माहिती दिली. त्या म्हणाल्या, मग उद्या जेवायलाच येतो.
अकरा कप चहा. अभ्यास शून्य. व्यवस्था नवी आहे.
भांडी घासणारी भागाबाई धुळ्याकडची. ती दिवसभर ओरडणाऱ्या कोकिळेकडे बघून म्हणाली, "हाई पाखरू बठ्ठा दिन कोकलस. याले कोनी दानापानी देस का नही?" मी हसले. मग ती भाभीकडे बघून म्हणाली, "आन् तुले?" याचा संदर्भ लागला नाही.

२० ऑक्टोबर
मोठा धक्का. भाभी धर्माकडे वळली.
दादी रोज दुपारी सामायिक करते. अठ्ठेचाळीस मिनिटं आसनावर बसायचं, संसाराचं काही बोलायचं नाही, करायचं नाही. वेळ वाळूच्या घडीवर. वाळू पूर्ण खाली येईपर्यंत त्या बाईला घरात कोणी हाक मारत नाही, बाबूजीसुद्धा. आता दीड वाजता भाभीही दादीच्या खोलीत बसते, आणि एकदा नाही, लागोपाठ दोन-तीनदा घडी उलटतात म्हणे. चहाला आलेल्या बायका परत जातात.
मी तिला वेळ मिळवून दिला, तो परलोकाने नेला.
शिवाय कोकिळेचा आणि अठ्ठेचाळीस मिनिटांचा मेळ बसत नाही. दादीला सुचवलं, सामायिक साठ मिनिटांचं केलं तर? दादीने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाचायला गेले. डोळा लागला.

१ नोव्हेंबर
पाचला उठण्याचा संकल्प, नव्याने. झोपेत चार कुहू ऐकू आल्या आणि भांड्यांचा आवाज. भागाबाई हल्ली फार लवकर येते. कामसू बाई.
उठले आठला.

९ नोव्हेंबर
बाबूजींनी संध्याकाळी मला बोलावलं. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवतात. पाचला ताट. बाबूजी म्हणाले, राजबाई, परवा पाच वाजून दहा. काल पाच वीस. आज पाच पंचवीस. घरात खोट आली की नाही? तुझंच घड्याळ सांगतंय.
मी म्हटलं, पूर्वी तर साडेपाच व्हायचे!
ते म्हणाले, पूर्वी कोण बघत होतं? यंदा परीक्षा राहू दे.
भाभीने आतून ऐकलं. सांडशी खाली पडल्याचा आवाज आला.

१० नोव्हेंबर
दुपारी झोप आली नाही. पावणेतीनला दादीच्या खोलीत गेले. भाभीला सांगणार होते, निदान आता मन लावून धर्म कर.
दादी आसनावर, माळ हातात. भाभी शेजारी, आसन गुंडाळून ठेवलेलं, मांडीवर बीजगणित. वही भरत आलेली. मागून भाईजींनी हाक मारली, प्रेम, चहा! दादी म्हणाली, थांब रे, वाळू चालू आहे. आणि घडी शांतपणे उलटी केली.
मी म्हटलं, दादी, तू खोटं बोललीस!
दादी म्हणाली, बघ की, वाळू चालू आहे की नाही?
तिचं सामायिक केव्हाच झालं होतं. भाभीचं एकच असतं, बाकी सगळं बीजगणित. वीस दिवसांत आठ प्रकरणं.
मी म्हटलं, मला का सांगितलं नाहीत? मी भाभीसाठी एवढं घड्याळ आणलं!
दादी म्हणाली, छोरी, तुझ्या पाखरानं आजवर एक वाटी तरी विसळली का?

११ नोव्हेंबर. पहाटे सव्वाचार
चार कुहूंना उठले. पहिल्यांदाच. भागाबाई नव्हती. भाभी होती, कंदिलाशी, गहू निवडत. मी विचारलं, आत्ता?
म्हणाली, दुपारचं काम जाईल कुठं बाईसा? पहाटे येऊन बसतं.
किती दिवसांपासून?
ती म्हणाली, तुमची कोकिळा आल्यापासून. पण एक बरं झालं, तिच्यामुळे चारला जाग येते. आणि हसली. मला वाईट वाटू नये म्हणून हसली, हे तर्कशास्त्राशिवाय कळलं.
मी सूप ओढून घेतलं. मला खडे आणि गहू वेगळे ओळखायला बराच वेळ लागतो.

१५ नोव्हेंबर
फॉर्म आज शाळेत देऊन आले. सही बाबूजींची.
अकरा तारखेला त्यांना सांगितलं, चार दिवस बघा, खोट आली तर माझ्या नावावर. आणि दुपारी लंबक धरून थांबवला. वजनं काढून ट्रंकेत ठेवली. कुलूप लावलं.
त्या दिवशी संध्याकाळचं ताट किती वाजता लागलं ते कोणालाच सांगता येणार नाही. माझ्या हिशेबाने पावणेसहा. माझ्या हातची कढी फुटली होती. बाबूजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीतून सूर्याकडे. सूर्य शेताच्या बांधाला टेकला होता, पण होता. ते म्हणाले, बुडायच्या आत झालं ना, मग झालं. आणि फुटलेली कढी दोनदा घेतली.
काल भाईजींनी माझा चहा पिऊन विचारलं, प्रेमची वाळू कधी संपते?
आज दोन वाजता (अंदाजे) भाभी पिठाचा डबा घेऊन बसली होती. मी तो तिच्या हातातून काढून घेतला, तिला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि स्वयंपाकघराची कडी आतून लावली. ती दोनदा ठोठावून गेली. मी उघडली नाही.