शिवणीत गेलेले गाढव कोणाच्या वाट्याला

सर्वप्रथम तब्येतींची चौकशी, कारण मृत्युपत्र ऐकायला जमलेल्यांना ती कोणी विचारत नाही. सगळ्यांचे डोळे कपाटाकडे असतात.

डोरिना, माझ्या बहिणीची लेक, तुझा डावा गुडघा कसा आहे? माझा जिना चढताना दोनदा थांबतेस आणि "पिशवी जड आहे गं मावशी" म्हणतेस. पिशवीत एक कोबी असतो. डॉक्टरला दाखव. ग्वेर्रिनो, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलास, आता डाव्याचे काय ठरले? योलांदा, तळमजल्यावर दिवसभर उभी राहून लोकांना कॉफी देतेस, पायांची सूज उतरली का? मांजरीची तब्येत उत्तम आहे, विचारायला नको.

आणि ओरेस्ते फान्तुत्सी, मुक्काम फेर्रारा. तुझी चौकशी मी करणार नव्हते. एकोणपन्नास वर्षे केली नाही. पण सगळ्यांना विचारायचे आणि एकाला वगळायचे, हे मरणाच्या कागदावर बरे दिसत नाही. खोकला कसा आहे? तिथले धुके तुझ्या छातीला कधीच मानवले नाही.

आता कामाचे. मी, एर्सिलिया मालागुती, वय पंच्याऐंशी, धंदा आधी पोळ्या लाटणे आणि नंतर मुलांच्या पुस्तकांत चित्रे काढणे, राहणार बोलोन्या, लिहून ठेवते की माझे डोके जागेवर आहे. चष्मा नसतो, पण डोके आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेली नाही. दुपारचा पेला माझा मी भरला. नोटरीबाईंनी सांगितले, सगळे स्वहस्ते लिहा, साक्षीदार लागत नाहीत. मी म्हटले, "बाई, मी चार बुकंसुद्धा धड शिकलेली नाही. साक्षीला कोणी नसेल तर हे मीच लिहिलं यावर विश्वास कोण ठेवील?" म्हणून साक्षीदार आहेत.

आज संत मार्टिनोचा दिवस. आमच्याकडे भाडेकरूंनी बिऱ्हाड हलवायचा दिवस हाच. तेव्हा मुहूर्तही चुकलेला नाही.

कलम पहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या, त्यातील सामान आणि बँकेतली शिल्लक डोरिनाला. शिल्लक बघून तिने हसू नये. मुलांची पुस्तके काढून कोणी गबर झाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. झाले असतील तर त्यांनी मला कळवले नाही. अट एकच: मांजर घरातच राहील. घर आधी तिचे आहे.

कलम दुसरे. माझा पोळपाट, जो जेवणाच्या टेबलाएवढा आहे, आणि हातभर लांब लाटणे योलांदाला. वयाच्या अकराव्या वर्षापासून मी त्यावर अंड्याच्या पिठाच्या पोळ्या लाटल्या आणि सारण भरून बोटाच्या पेराएवढ्या करंज्या, म्हणजे तोर्तेल्लिनी, वळल्या. चित्रकलेची माझी शाळाही हीच. मालकीणबाईंची पाठ वळली की सांडलेल्या पिठात बोटाने कोंबडी काढायची, तोंड इकडे वळले की पुसायची. एकदा पुसायची राहिली. मालकीणबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोंबडी झकास आहे. आता लाट." एवढ्यावर मी बारा वर्षे काढली.

कलम तिसरे. पलंगाखालच्या बुटांच्या खोक्यात प्रकाशकांची नकाराची पत्रे आहेत. एकाने लिहिले, "आपले गाढव उदास वाटते." मी हसरे काढून पाठवले, तर दुसरा म्हणाला, "गाढव हसते हे मुलांना पटणार नाही." तिसऱ्याने कळवले, "यंदा गाढवे चालत नाहीत, अस्वल असल्यास पाहू." अस्वल पाठवले. ते अस्वल गाढवासारखे दिसते म्हणून परत आले. हे खोके, माझे कुंचले आणि टाचण्यांचा डबा असा सगळा ऐवज दर वसंतात आमच्या गावी भरणाऱ्या मुलांच्या पुस्तकांच्या बाजारात न्यावा. तिथे दाराशी एक लांब भिंत असते, तीवर देशोदेशीचे चित्रकार आपापली चित्रे टाचतात आणि कोणी प्रकाशक थांबेल म्हणून दिवसभर आडून बघतात. ज्याच्या चित्राला जागा उरली नसेल आणि जो कोपऱ्यात उभा राहून नाक पुसत असेल, त्याला हे द्यावे. आधी पत्रे वाचायला द्यावीत, मग कुंचले.

कलम चौथे. आता गाढव.

'ओनोरातो बाजाराला जातो' हे पुस्तक इथल्या कोणत्याही घरात सापडेल. शब्द ओरेस्ते फान्तुत्सी यांचे, चित्रे माझी, बांधणी ग्वेर्रिनो यांची. ओनोरातो हे गाढव विकायला काढतात आणि कोणी घेत नाही, एवढीच गोष्ट. मधल्या जोडपानावर भर चौक आहे, आणि ओरेस्तेचे शब्द: "गर्दीच्या अगदी मधोमध, सगळ्यांना दिसेल असा, ओनोरातो उभा होता."

तो कोणालाच दिसत नाही. डाव्या पानावर एक कान आहे, उजव्या पानावर एक कान आहे, मधले गाढव शिवणीत गेले आहे.

पुस्तक छापून हाती आले ते १९७४ साली, बाजार उघडण्याच्या आदल्या दिवशी. आमचे प्रकाशक ताबार्रोनी यांनी ते न उघडताच फळीवर मांडले. सकाळी एक डॅनिश प्रकाशकबाई आल्या, पाने चाळली, त्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "गाढव कुठाय?" ताबार्रोनींनी पुस्तक ताणले, तिरके केले, हलवलेसुद्धा. मग टोमॅटोसारखे लाल होऊन माझ्याकडे वळले. "एर्सिलिया, गाढव कुठाय?"

मी म्हटले, "बांधणाऱ्याने खोल शिवलं."

हे खोटे होते, हे मी आज प्रथमच लिहीत आहे. मुलांची ओढाताण सोसावी म्हणून ग्वेर्रिनो पहिल्यापासून बाजूने टाके घालून, दोन्हीकडून बोटभर आत शिवत असे. कोणताही चित्रकार मधली दोन बोटे मोकळी सोडतो. मी सोडली नाहीत, कारण जन्मभर मी पोळीच्या मधोमध सारण ठेवून घडी घातली होती. सगळ्यात चांगली वस्तू मध्ये, हीच मला शिकवण. मी गाढवाचे सारण केले.

ताबार्रोनी कडाडले, "त्या ग्वेर्रिनोला उद्यापासून काम बंद!" इतक्यात ओरेस्ते शांतपणे पुढे झाला आणि म्हणाला, "चूक कुणाचीच नाही, साहेब. मुद्दाम केलंय. त्याला विकलं जायचं नाही, म्हणून तो पुस्तकात लपलाय."

डॅनिश बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. पुस्तक त्यांनी आपल्या भाषेत छापायला तिथेच घेतले, मागून इतर चौघांनी. ग्वेर्रिनोचे काम वाचले. पोरे शिवणीत बोटे घालून गाढव शोधू लागली, पुस्तके उसवू लागली, वाचनालये ती पुन्हा शिवायला पाठवू लागली. आणि वर्तमानपत्रात आले: "लेखक फान्तुत्सी यांची अफाट कल्पना." माझे नाव मागच्या पानावर, कागद कोणत्या गिरणीचा त्याच्या खाली.

मी ओरेस्तेला गाठून म्हटले, "माझी चूक तू आपल्या नावावर खपवलीस!"

तो म्हणाला, "मग तुझ्या नावावर करू? सांगू सगळ्यांना?"

यावर काय बोलणार? मी बोललेच नाही. तेव्हापासून आजपर्यंत.

त्या पानाचे मूळ चित्र अजून माझ्याकडे आहे. त्यात ओनोरातो अख्खा दिसतो, अगदी मधोमध, आणि माझ्या हातून उतरलेल्या गाढवांत तो सर्वांत देखणा आहे. लाज वाटते म्हणून कोठीच्या दारामागे भिंतीकडे तोंड करून टांगले आहे. ते चित्र मी ओरेस्तेला देते, या अटीवर की त्याने एखाद्या शाळेत, किमान वीस पोरांसमोर उभे राहून कबूल करावे की ही कल्पना त्याची नव्हती, ती चुकून झाली. तसे न केल्यास चित्र डोरिनाला, जिला गाढवे आवडत नाहीत.

कलम पाचवे. ग्वेर्रिनोची मी हात जोडून क्षमा मागते. दर नाताळला मी तुला तोर्तेल्लिनीचे ताट पाठवत आले ते प्रेमापोटी, असे तू समजत असशील. निम्मे प्रेम होते, निम्मे हे.

कलम सहावे. कपाटात निळ्या फायलीत नव्या पुस्तकाची बारा जोडपाने आहेत. म्हातारा झालेला ओनोरातो शिवणीतून बाहेर येतो आणि बाजार अजून भरतो का ते बघायला निघतो. शब्द नाहीत. मी तीनदा प्रयत्न केला, मांजर उठून गेली. ही पाने माझ्यासोबत पेटीत ठेवावीत.

वरील सर्व राजीखुशीने लिहिले असे.

स्थळ: बोलोन्या. दिनांक: ११ नोव्हेंबर २०२३.
सही: एर्सिलिया मालागुती
साक्षीदार: योलांदा गोत्सी (सही केली, न वाचता, दुकान उघडे टाकून आली होती)
साक्षीदार: ग्वेर्रिनो बेन्फेनाती, पुस्तक बांधणारा, निवृत्त

पुरवणी, त्याच दिवशी, तासाभराने.

ग्वेर्रिनोने सही करण्याआधी कागद खिडकीपाशी नेऊन एका डोळ्याने सगळा वाचला. चौथ्या कलमाशी मला वाटले, आता हा काठी घेणार. तो हसला.

"अगं बाई, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शिवलं कुणी? मीच ना? छापील कागद घडी घालायला घेतले तेव्हाच बघितलं, गाढव टाक्याखाली जातंय."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? कागद छापून झालेले, दुसऱ्या दिवशी बाजार. टाका घडीजवळ घेतला तर पुस्तक आठवड्यात सुटणार. ताबार्रोनीला सांगितलं तर तुझं पहिलंच पुस्तक, तुला परत पोळ्या लाटायला पाठवणार. म्हणून त्या रात्री ओरेस्तेकडे गेलो. म्हटलं, मास्तर, पोरीनं गाढव शिवणीत घातलंय. उद्या तिची तरी मान जाईल नाहीतर माझी. शब्दांचं काम तुमचं, काहीतरी शोधा. बिचारा पहाटेपर्यंत येरझारा घालत होता."

मी विचारले, "एकोणपन्नास वर्षं दोघांनी मला सांगितलं नाहीत?"

"त्याच्याशी तू बोलत नव्हतीस. आणि मी दर नाताळला सांगायला तोंड उघडायचो, तर तू ताट पुढं करायचीस. तोंड भरल्यावर माणूस काय बोलणार?"

"आणि माझ्यावर रागावला नाहीस? मी तुझं नाव घेतलं होतं, सगळ्यांसमोर!"

"रागावलो होतो की. पहिल्या ताटापर्यंत."

सबब, चौथ्या कलमातील अट मी दोन रेघा मारून रद्द करते. नोटरीबाईंच्या सांगण्याप्रमाणे बाजूला सही केली आहे. चित्र विनाअट ओरेस्तेचे. शाळेत जायची गरज नाही. गेलास तर पोरांना तीच जुनी थाप सांग, ती माझ्या खऱ्यापेक्षा चांगली आहे. सहावे कलमही रद्द. पेटीत निळी फाईल ठेवू नये, तिथे वाचायला उजेड नसतो.

ओरेस्ते, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचे असते हे मला ठाऊक आहे. पण तू सत्त्याऐंशीचा, मी पंच्याऐंशीची, आणि तुला एक पान लिहायला तीन महिने लागतात हे मी विसरलेले नाही. म्हणून याची नक्कल आणि निळी फाईल आजच्याच टपालाने तुझ्याकडे निघाली आहे. योलांदा टपालपेटीत टाकणार आहे, सुजलेल्या पायांनी, तेव्हा तिचा तरी मान राख. वाटल्यास गाडीने ये. स्टेशनपासून बस मिळते, तोर्तेल्लिनी माझ्याकडे मिळतील, आणि मला तुझी माफी मागायची आहे ती टपालाने मागता येत नाही.

बाराही चित्रांत मधली दोन बोटे मोकळी सोडली आहेत, मोजून. तिथे काही लिहू नकोस म्हणजे झाले. बाकी उत्तर लवकर लिही.