डाव्या बुटातला खिळा

ताई,

आईचा पलंग, तुझ्या शिलाई यंत्राचं टेबल, घराची तिन्ही दारं आणि माझे हे बूट, सगळं मी स्वतःच्या हातांनी केलं, कुणाकडेही न शिकता.

साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, रक्तवाहिन्या लवचीक राहतील. पण तळपाय बधिर झालेत, बूट सांभाळून निवडा." मी सात महिने रोज पंचेचाळीस मिनिटं चाललो, एकही दिवस चुकवला नाही. साखर उतरली, पायातला रक्तप्रवाहही सुधारला. फुशारकीनं तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "मेल्या, आधी ते बूट बदल. खिळे ठोकलेत त्यात!"

"माझा खिळा वर येत नसतो," मी म्हणालो.

आला, ताई. डाव्या टाचेखाली. चार दिवस मी त्याच्यावर चालत होतो. मोजा लाल दिसला तेव्हा कळलं. जखम चिघळत हाडापर्यंत गेली. उद्या सकाळी गुडघ्याखालून पाय काढणार आहेत. तुला मी 'किरकोळ ड्रेसिंग' सांगितलंय, म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही.

नर्सला म्हटलं, लाकडी पाय मीच करीन. ती हसली नाही.

त्या फोननंतर तू मधुमेहींसाठीचे बिनखिळ्यांचे बूट घेऊन दारात उभी राहिली होतीस. मी ते खोक्यासकट परत पाठवले. खोक्यावर किंमत होती, दोन हजार सहाशे रुपये.

तुझा हट्टी,
धाकटा